गव्हाळ रंग आणि दमट हवा: ब्लश, आय बेस आणि फाउंडेशनमधलं खरंच काय टिकतं

सरळ मुद्द्यावर येते. मेकअपसाठी तुमच्याकडे ठराविकच पैसे असतील तर पॅलेटवर घालू नका, आय बेसवर, म्हणजे शॅडोच्या आधी पापणीवर लावायच्या बेसवर घाला, आणि ब्लश घेताना डबीत जो रंग बघून "बाई गं, हा फारच गडद आहे" असं वाटतं तो एकदा तरी गालावर लावून बघा. या दोन गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर कपाटातले अर्धे डबे आलेच नसते. बहुतेक रिव्ह्यू ज्या चेहऱ्यांवर केलेले असतात ते चेहरे आपल्यापेक्षा गोरे असतात, आणि ज्या हवेत केलेले असतात तिथे जुलैमध्ये ठाणे स्टेशनवर उभं राहायचं नसतं, त्यामुळे तिकडचा एक नंबर इकडे येऊन बऱ्याचदा पाचवा होतो आणि तिकडे ज्याला कुणी विचारत नाही ते इकडे कमाल चालतं.

आधी कातडीचं सांगते म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. मी गव्हाळ, अंडरटोन (कातडीच्या आतून दिसणारी झाक) पिवळसर, गाल नॉर्मल पण पापण्या आणि नाक प्रचंड तेलकट, रोज ठाण्याहून लोकलने ऑफिस. ताई नाशिकला असते, माझ्यापेक्षा बरीच सावळी आणि त्वचा कोरडी, थंडीत तर गालाची सालं निघतात. आणि आई, पन्नाशी पार, निमगोरी, गालांवर थोडे वांग. मी जे काही आणते ते या दोघींवर पण लावून बघते, दोघी पण हौशी आहेत आणि स्पष्ट बोलतात, म्हणून खाली जे लिहिलंय ते तीन चेहऱ्यांचं मत आहे असं समजा.

आय बेसपासून सुरू करते कारण याच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. पापणीची कातडी पातळ असते, दिवसभर उघडझाप चालू असते आणि तेल सुटत राहतं, मग पावडर शॅडो त्या तेलात भिजतो आणि पापणीच्या घडीत जाऊन रेघ धरून बसतो, बाकी पापणी उघडी पडते. शॅडो कितीही महागाचा असो, तेलकट पापणीवर हे होणारच. बेसमध्ये मुख्यतः सिलिकॉन असतं, तेल शोषणारी बारीक पावडर असते आणि वाळल्यावर पातळ थर धरणारं काहीतरी असतं, म्हणजे तेल आणि रंग यांच्यामध्ये एक पडदा तयार होतो. भिंतीला रंग देण्याआधी लांबी भरतात ना, तसं काम आहे हे, लांबी नीट नसेल तर वरचा रंग कुठल्याही कंपनीचा आणा, पोपडे येणार.

अर्बन डिकेचं प्रायमर पोशन मी एका मावसबहिणीकडून बाहेरून मागवलं होतं आणि तेलकट पापण्यांसाठी माझ्या मते आजही हे सगळ्यात वर. याची पूर्वीची बाटली जादूच्या चिरागाच्या आकाराची असायची, आत बरंच प्रॉडक्ट अडकून राहायचं म्हणून बायका ती मधोमध कापायच्या, आता सरळ दाबायची ट्यूब आहे. ओरिजिनल हा शेड लावला की वाळून जवळजवळ दिसेनासा होतो, ईडन मॅट बेज आहे, पापणीवरचा काळेपणा थोडा झाकतो. मी ओरिजिनल वापरते. लावायचं किती, तर अर्ध्या तांदळाएवढं, दोन्ही डोळ्यांना मिळून. बोटाने लावायचं, डोळे मिटून थोडं थांबायचं, वाळलं की मगच शॅडो. जास्त लावलं तर बेसचाच थर घडीत जमतो, आणि मग लोक म्हणतात बेस खराब आहे. सकाळची गर्दीची लोकल, एसी ऑफिस, परत घामाघूम येणं, एवढं सगळं होऊन रात्री तोंड धुताना शॅडो जागच्या जागी असतो, हे मी आधी कधीच बघितलं नव्हतं.

मॅकचे पेंट पॉट हे वेगळं प्रकरण आहे, हा क्रीम शॅडो पण आहे आणि बेस पण. काचेची छोटी डबी, पाच ग्रॅम. सगळीकडे पेंटरली शेड सुचवतात, पण पेंटरली गुलाबीसर बेज आहे आणि गोऱ्या पापणीचा लालसरपणा झाकायला चांगला. आपल्याकडे बऱ्याच जणींच्या पापण्या तपकिरी-जांभळट असतात, त्यावर सॉफ्ट ऑकर बघा, तो पिवळसर आहे, माझ्या गव्हाळ रंगात तो मिसळून जातो आणि पापणी एकसारखी दिसते, काही न लावता झोप झाल्यासारखा चेहरा वाटतो. ताईच्या रंगाला मात्र ग्राउंडवर्क. हा मध्यम तपकिरी-करडा शेड आहे, ती नुसता हा लावून वर काजळ घालते आणि शाळेत शिकवायला जाते, दिवसभर बघायला लागत नाही. डबी वापरून झाली की झाकण घट्ट लावा, असे सगळेच क्रीम पॉट हवेने कडक होतात. महाग आहे, पण डबी संपता संपत नाही, आणि नुसता एक ग्राउंडवर्क घरात असेल तर चार रंगांच्या पॅलेटची गरज उरत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कन्सीलर, म्हणजे डाग आणि काळेपणा झाकणारं क्रीम, तेच बेस म्हणून वापरा, हा सल्ला पण सगळीकडे मिळतो. कोरड्या पापणीवर चालतं, ताईचं चालतं. माझ्यासारख्या तेलकट पापणीवर कन्सीलर लावून तसंच सोडलं तर दुपारी जेवणाच्या आत रेघा. त्यावर लगेच पातळ पावडर दाबली तर टिकतं. एल ए गर्लचा प्रो कन्सील यासाठी चांगला आहे, स्वस्तात मस्त, भरपूर झाकतो आणि शेड आपल्या रंगाचे मिळतात. त्याचाच नारिंगी करेक्टर डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळांना पण उपयोगी, निळसर-जांभळट काळेपणाला नारिंगी मारतो म्हणून वरचा कन्सीलर राखाडी दिसत नाही. नारिंगी अगदी थोडा, जिथे काळं आहे तिथेच.

नवरात्रात नऊ दिवस त्या त्या रंगाची साडी नेसून ऑफिसला जाणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट खास सांगायची आहे, एनवायएक्सची जंबो पेन्सिल, मिल्क शेड. दुधासारखी पांढरी, जाड, मऊ. पिवळा, मोरपंखी, राणी असले रंग साध्या स्वस्त पॅलेटमधले असले तर आपल्या पापणीवर मळकट उमटतात कारण खाली कातडीचा रंग दिसत असतो, खाली पांढरं दिलं की तोच रंग एकदम खुलतो. फक्त ही पेन्सिल क्रीमी आहे, त्यामुळे तेलकट पापणीवर खाली प्रायमर आणि वर लगेच पावडर शॅडो, नुसती सोडायची नाही. आणि सावळ्या रंगावर ही घडीच्या वर नेऊ नका, कडा ब्लेंड करताना पांढरं कातडीत मिसळून राखाडी पट्टा येतो, फक्त उघडझाप होणाऱ्या भागावर ठेवा आणि कडेला तपकिरी शॅडो घ्या.

मेबलिनचे कलर टॅटू पण बेस म्हणून छान चालतात, ऑन अँड ऑन ब्राँझ तर आपल्या रंगासाठीच केलाय असं वाटतं, बोटाने लावला की झालं, वर काही नको. दुकानात दिसला तर सोडू नका.

आता जे नाही आवडलं ते. एक स्वस्तातला आय बेस घेतला होता, नाव देत नाही, तो वाळायचाच नाही, चिकट राहायचा, शॅडो जिथे पहिला टेकला तिथेच गडद डाग आणि पुढे ब्लेंडच होईना, आणि दादर येईपर्यंत सगळं घडीत गोळा. दुसरा एक चांगला महाग होता पण त्याला इतका वास होता की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. डोळ्याजवळ लावायच्या वस्तूत सुगंध कशासाठी लागतो हे मला खरंच कळत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर तुम्ही हे आवर्जून बघा.

काजळाचं पण इथेच सांगून टाकते. लॅक्मेचं आयकॉनिक किंवा मेबलिनचं कोलोसल, दोन्ही वर्षानुवर्षं आपल्याकडे चालतात आणि उगाच नाही चालत. पण काजळ खाली उतरतं म्हणून काजळाला दोष देण्याआधी खालच्या पापणीच्या बाहेर, केसांच्या खाली, जे काही क्रीम किंवा सनस्क्रीन लावलंय ते टिपून घ्या, बेसचा अगदी पुसट हात फिरवा आणि थोडी पावडर. तेलच काजळाला खाली खेचतं. एवढं केलं की संध्याकाळी डोळ्याखाली काळं नसतं.

ब्लशकडे येते. हा माझा खरा जिव्हाळ्याचा विषय.

फिका गुलाबी ब्लश गव्हाळ किंवा सावळ्या गालावर राखाडी दिसतो, यामागे साधं कारण आहे, फिके शेड बनवताना रंगात पांढरं मिसळतात, आणि गोऱ्या गालावर ते पांढरं दिसत नाही पण आपल्यावर दिसतं, गालावर खडूची धूळ बसल्यागत होतं. मग आपल्याला वाटतं आपल्याला ब्लश शोभतच नाही. कितीतरी जणींकडून मी हे ऐकलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण शोभत नाही असं नसतंच, रंग चुकीचा हातात दिलेला असतो. आपल्या साड्यांचे रंग आठवा. अबोली निमगोऱ्या आणि उजळ गव्हाळ गालांवर, विटकरी आणि डाळिंबी गव्हाळ ते सावळ्या गालांवर, आमसुली आणि वांगी गडद सावळ्या रंगावर, आणि राणी तर थोडासाच घेतला तर सगळ्यांवर, खरंच सगळ्यांवर, आईपासून ताईपर्यंत. जी साडी नेसल्यावर लोक "आज छान दिसतेस" म्हणतात, त्या घराण्यातला ब्लश शोधा.

नार्सचा ऑर्गॅझम हा जगात सगळ्यात गाजलेल्या ब्लशपैकी एक, १९९९ पासून आहे, पीच-गुलाबी आणि त्यात सोनेरी चमक. माझ्या गालावर त्याचा रंग कमी आणि चमक जास्त येते, म्हणजे हायलायटर म्हणून मला आवडतो, नुसता ब्लश म्हणून घ्यायचा तर उजळ रंगाच्या मैत्रिणींनी घ्यावा. पण त्याच कंपनीचे दोन शेड आपल्यासाठी बघा. एक ताज महाल, भाजलेला नारिंगी, सोनेरी झाक, ताईने लग्नात लावला होता हिरव्या शालूवर आणि फोटोत गाल उन्हात न्हाल्यासारखे आलेत. दुसरा एक्झिबिट ए, डबीत चक्क लालभडक, मॅट. हा बघून आई म्हणाली "हे कोण लावणार?" ब्रश नुसता टेकवायचा, झटकायचा आणि मग गालावर, सावळ्या गालावर तो आतून आल्यासारखा दिसतो, धावत जिना चढून आल्यावर जसा येतो तसा. घाबरून हात जड झाला तर मात्र पुसायला वेळ लागतो, म्हणून पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी करा.

मॅकमध्ये ताईसाठी रेझिन, लालसर तपकिरी, तो तिच्या कातडीत असा बसतो की ब्लश लावलाय हे कळत नाही, फक्त चेहरा ताजा दिसतो. आईसाठी मेल्बा, मऊ कोरल-पीच, मॅट. पन्नाशीनंतर गालावर चमकीवाले ब्लश शक्यतो टाळा, चमक रंध्रं आणि सुरकुत्या दोन्ही उठून दाखवते. आणि आईच्या वयाच्या बायकांनी ब्लश हसून गालाच्या गोळ्यावर लावण्यापेक्षा थोडा वर, हाडाच्या दिशेने लावावा, हसू उतरलं की गोळा खाली येतो आणि रंग नाकाच्या रेघेपाशी जातो, तिथे तो चेहरा ओढतो.

लिक्विड ब्लशमध्ये रेअर ब्यूटीचा सॉफ्ट पिंच. सेलेना गोमेझची ही कंपनी २०२० मध्ये सुरू झाली, आता इकडे पण मिळते, किंमत दोन हजारांच्या वर. छोटी बाटली, पण एक ठिपका एका गालाला पुरतो, कधीकधी दोन्ही गालांना, इतकं पिगमेंट आहे. चमकदार आणि मॅट दोन्ही प्रकार येतात. माझ्याकडे जॉय आहे, तो जरा दबलेला पीच, आणि लव्ह, तो विटकरी. लव्ह आपल्या रंगावर अप्रतिम. फक्त बाटलीची काडी थेट गालावर टेकवू नका, आधी हाताच्या मागे घ्या, बोटाने थोपटून लावा, आणि फाउंडेशननंतर पण पावडरच्या आधी. पावडरवर क्रीम किंवा लिक्विड गेलं की ठिगळं पडतात, हा नियम कुठल्याही ब्रँडला लागू, आणि अर्ध्या तक्रारी यातूनच येतात.

पाण्यासारखे टिंट, यातला सगळ्यात जुना नावाजलेला बेनिफिटचा बेनेटिंट, १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत दोन जुळ्या बहिणींनी काढलेला, गुलाबी-लाल पाणी. या प्रकाराची गंमत अशी की ते कातडीला रंगवतं, वर थर बसत नाही, त्यामुळे घामाने जात नाही, पावसाळ्यात हा मोठा फायदा. पण काही क्षणात बसतं, एक गाल पूर्ण करा, मग दुसरा घ्या. कोरड्या, सालं निघणाऱ्या गालावर असले टिंट जिथे खरखरीत तिथे जास्त गडद धरतात, म्हणून नाशिकच्या थंडीत ताईला मी हे सुचवत नाही, तिला क्रीमच. उलट मुंबईच्या जुलैमध्ये मला मलमासारखा क्रीम ब्लश नको होतो, असा एक देशी पॉट होता माझ्याकडे, रंग इतका सुंदर, पण दिवसभर चिकट राहायचा आणि लोकलच्या दारातल्या वाऱ्याने केस गालाला चिकटून रंगाच्या रेघा उमटायच्या. नाशिकला पाठवला तो, तिथे तो सुखात आहे.

दिवसभर, म्हणजे लग्न किंवा गणपतीची पाहुण्यांची रांग असा दिवसभर, ब्लश टिकवायचा असेल तर मला सापडलेला एकच पक्का उपाय, खाली क्रीम किंवा लिक्विड, त्यावर पातळ पावडर, त्यावर त्याच घराण्यातला पावडर ब्लश. खाली विटकरी लव्ह आणि वर साधा शुगरचा कॉन्टूर द फोर्स मिनी ब्लश, एवढ्यावर पण रात्री पंगत उठेपर्यंत गाल तसेच राहतात. दोन्ही महाग असायची गरज नाही, एक तरी गडद हवा.

लिपस्टिकच गालाला लावायची, आपल्या आयांनी वर्षानुवर्षं केलंय, चालतं. क्रीमवाली असेल आणि पिंपल्स येत नसतील तर मी पण करते, रंग ओठांशी जुळतो. पण ती न पुसली जाणारी मॅट लिक्विड लिपस्टिक गालाला लावू नका, ती गालावर वाळून तडकते.

शाकाहारी मंडळींसाठी एक. बऱ्याच लाल-गुलाबी ब्लश आणि लिपस्टिकमध्ये कार्माइन असतं, ते कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. घटकांच्या यादीत सीआय ७५४७० असा आकडा दिसला की तेच. माझ्या एका जैन मैत्रिणीला हे कळलं तेव्हा तिला फार त्रास झाला, म्हणून मुद्दाम लिहितेय, व्हीगन लिहिलेलं बघून घ्या, आता पर्याय भरपूर आहेत.

चेहऱ्याच्या मेकअपवर मी कमी लिहिणार, कारण माझं म्हणणंच हे आहे की आय बेस नीट आणि ब्लश बरोबर असेल तर फाउंडेशन फार कमी लागतं. रोजच्याला मेबलिनचं फिट मी मॅट अँड पोअरलेस, हिवाळ्यात २३० आणि मे महिन्यात ३१०, कारण उन्हाने रंग बदलतो आणि वर्षभर एकच शेड चालवायचा हट्ट कशाला. फक्त नाकाच्या आजूबाजूला आणि हनुवटीवर, बाकी गाल मोकळे. लग्नाकार्याला एस्टी लॉडरचं डबल वेअर, हे १९९७ पासून आहे आणि घामाला अजून दाद देत नाही, पण लवकर बसतं त्यामुळे एका वेळी एकच भाग. मॅकचं स्टुडिओ फिक्स घेत असाल तर लक्षात ठेवा, पिवळसर अंडरटोनला तिथे एनसी आणि गुलाबीसरला एनडब्ल्यू, आपल्यातल्या बहुतेक जणी एनसीमध्ये बसतात. आणि क्रायोलानची टीव्ही पेंट स्टिक, ही बर्लिनची कंपनी, १९४५ ची, नाटक-सिनेमाच्या मेकअपसाठी नावाजलेली, आपल्या ब्रायडल पार्लरमध्ये पण हीच स्टिक असते. झाकते जबरदस्त, पण रंगमंचाच्या उजेडासाठी बनलेलं हे काम, भर दुपारच्या मांडवात जाड थर दिसतो, ओल्या स्पंजने अगदी पातळ करून घ्यायला पार्लरवालीला सांगा, संकोच करू नका.

आणि पार्लर किंवा दुकानातल्या ज्या मुली आपल्याला दोन शेड उजळ फाउंडेशन लावतात ना, त्यांना थांबवा. माझ्या बाबतीत एका मोठ्या दुकानात झालंय, "मॅडम हा घ्या, उजळ दिसाल" म्हणून चेहरा पांढरा आणि मान गव्हाळ. ताईला तर तिच्या साखरपुड्यात इतकं पांढरं केलं की फोटोत ती ताई वाटतच नाही. ती सावळी आहे आणि सुंदर आहे, तिला तिच्याच रंगाचं फाउंडेशन मिळण्याचा हक्क आहे. २०१७ मध्ये रिहानाची फेंटी ब्यूटी एकदम ४० शेड घेऊन आली तेव्हापासून बाकीच्या कंपन्यांनी पण गडद शेड वाढवले, देशी ब्रँडमध्ये पण आता चांगले पर्याय दिसतात, तर मागा, दुकानात नसेल तर मागवायला सांगा. शेड हातावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावा, दुकानाबाहेर उजेडात या, आणि थोडा वेळ फिरून परत बघा, बरीच फाउंडेशन हवा आणि तेल लागून थोड्या वेळाने गडद किंवा नारिंगी पडतात. लगेच पैसे देऊ नका.

फोटोचं पण सांगते. चेहऱ्यावर पांढरे डाग येतात फ्लॅशमध्ये, ते बहुतेक वेळा सिलिकाच्या पांढऱ्या सेटिंग पावडरमुळे किंवा झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडवाल्या सनस्क्रीनमुळे. माझ्या एका पावडरने भावाच्या रिसेप्शनला डोळ्याखाली दोन पांढरे चंद्र आणले, आरशात काहीच दिसत नव्हतं. कार्यक्रमाच्या आधी फोनचा फ्लॅश लावून एक फोटो घरीच काढा.

आपल्या नटण्यातल्या काही गोष्टी बाहेरच्या कुठल्याच व्हिडिओत नसतात. सिलिकॉनच्या प्रायमरवर टिकली चिकटत नाही, चंद्रकोर तर हमखास पडते, म्हणून कपाळाच्या मध्ये टिकलीएवढी जागा कोरडी सोडा किंवा कापसाने पुसून मग टिकली लावा. दाबाची नथ असेल तर त्या नाकपुडीवर फाउंडेशन नावापुरतंच, वर पावडर, मग नथ, नाहीतर मोत्यांना फाउंडेशन लागतं आणि ते निघता निघत नाही. नवरीच्या मुंडावळ्या कानशिलावर दिवसभर घासतात, त्यामुळे ब्लश कानशिलापर्यंत ओढायची जी फॅशन आहे ती अशा दिवशी नको, गालाच्या हाडाशीच थांबा. आणि हळद! मेकअपची ट्रायल आधी झालेली असते आणि हळदीनंतर चेहरा पिवळा पडलेला असतो, मग ठरवलेलं फाउंडेशन वेगळंच दिसतं. हळदीतला रंग पाण्याने जात नाही, तेलात विरघळतो, म्हणून खोबरेल किंवा क्लेन्झिंग ऑइलने आधी चेहरा नीट पुसा, मग साबण, मग बाकीचं.

घ्यायचं कुठे, तर तुळशीबाग आणि क्रॉफर्ड मार्केटला जायला मला मनापासून आवडतं, ब्रश, स्पंज, टिकल्या, देशी ब्रँडचे ब्लश सगळं तिथे स्वस्त. पण परदेशी नावाचं काही निम्म्या किमतीत मिळत असेल तर डोळ्याला लावायच्या आधी खोका उलटून बघा. बाहेरून कायदेशीर आलेल्या वस्तूवर इथल्या आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक छापलेला असतो, बॅच नंबर आणि मुदत असते. ते नसेल तर राहू द्या. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६ एम, १२ एम असं दिसेल, म्हणजे उघडल्यावर तेवढे महिने. पावडर ब्लश जास्त दिवस तग धरतात, पण क्रीम आणि डोळ्याला लावायच्या वस्तूंना वास आला, पाणी सुटलं, तर कितीही महागाचं असो, टाकून द्या. आणि दुकानातला टेस्टर डोळ्याला किंवा ओठाला कधीच लावू नका, मनगटावर लावा, त्यावर बोट घासा, मग थोडं पाणी टाका. जो बेस तिथे हलत नाही तो पापणीवर पण राहतो.